पोर्टलवरचे चौकोन आधी मुके का होते?

पानावर डावीकडे ग्राहकांची यादी, उजवीकडे ऑर्डरींचा तक्ता. यादीतल्या नावावर क्लिक केलं की तक्त्यात त्याच ग्राहकाच्या ऑर्डरी दिसाव्यात, एवढीच मागणी. जावाच्या पोर्टल जगात, म्हणजे असे अनेक चौकोन जोडून बनलेल्या वेबपानांच्या जगात, याची प्रमाणित सोय यायला २००८ साल उजाडलं.

हा कुणाचा आळस नव्हता. पोर्टलची मूळ कल्पनाच अशी की पानावरचा प्रत्येक चौकोन वेगळ्या टीमनं, प्रसंगी वेगळ्या कंपनीनं लिहावा आणि पान जुळवणाऱ्यानं कोडला हात न लावता ते शेजारी शेजारी मांडावेत. शेजारी कोण येणार हे चौकोन लिहिणाऱ्याला ठाऊक नसणं, हीच त्यातली सोय होती.

ऑक्टोबर २००३ मध्ये आलेल्या जेएसआर १६८ या (जावाच्या मानकांपैकी एक) पहिल्या पोर्टलेट स्पेसिफिकेशननं (पोर्टलेट म्हणजे पानावरचा एक चौकोन) (त्यामागे मुख्यतः सन आणि आयबीएम) हा अबोला तसाच ठेवला. एक पळवाट मात्र होती: एकाच वॉर फाइलमधल्या (जावा वेब ॲप्लिकेशनचं गाठोडं) पोर्टलेटना सेशनचा, म्हणजे वापरकर्त्याच्या भेटीपुरत्या साठवलेल्या माहितीचा, सामायिक कप्पा वापरता येई. मग काय, एकमेकांशी काडीचा संबंध नसलेली पोर्टलेटही एकाच वॉरमध्ये कोंबली जाऊ लागली. वेगळेपणासाठी केलेली रचना बोलता यावं म्हणून मोडायची, असा उफराटा प्रकार.

त्यातही एक मेख होती. क्लिक झालं की आधी ज्या पोर्टलेटवर क्लिक झालं त्या एकट्याचा ॲक्शन टप्पा (क्लिकवरचं काम) चाले, मग पानावरच्या सगळ्यांचा रेंडर टप्पा (चित्र काढणं). रेंडरचा क्रम ठरलेला नसे. ती कामं समांतरही चालू शकत. त्यामुळे एखाद्यानं रेंडर करताना सेशनमध्ये काही लिहिलं, तर शेजाऱ्याचं चित्र तोवर काढूनही झालेलं असे. परिणाम: उजवा तक्ता एक क्लिक मागे. आणि तोही कधीकधीच, म्हणजे पकडायला आणखी अवघड.

दरम्यान ज्यानं त्यानं आपली चूल मांडली. आयबीएमच्या वेबस्फिअर पोर्टलमध्ये पोर्टलेटना ‘वायर’नं जोडता येई. मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंट २००३ मध्ये एका वेब पार्टनं (तिथला चौकोन) माहिती पुरवायची, दुसऱ्यानं घ्यायची, अशा जोडण्या होत्या. मायक्रोसॉफ्टच्या आयबायस्पाय या नमुना पोर्टलमधून उगवलेल्या डॉटनेटन्यूकमध्ये एक मॉड्यूल निरोप सोडी आणि ऐकणारं प्रत्येक मॉड्यूल तो आपल्यासाठी आहे का, हे स्वतःच तपासे. साधं आणि गोंगाटाचं. तपशील वेगळे, तरी निरोप नेण्याचं काम सगळीकडे पोर्टलच करी.

जून २००८ मध्ये आलेल्या जेएसआर २८६ नं हाच मार्ग प्रमाणित केला. ॲक्शन आणि रेंडर यांच्या मध्ये इव्हेंटचा, म्हणजे निरोपांचा, टप्पा घातला. कोणता इव्हेंट पाठवणार, कोणता घेणार, हे प्रत्येक पोर्टलेटनं आधी आपल्या एक्सएमएल फाइलमध्ये जाहीर करायचं. चित्र काढण्याआधीच निरोप पोचत असल्यानं ‘एक क्लिक मागे’ची भानगड मिटली. इव्हेंट पोचेलच अशी हमी मात्र स्पेसिफिकेशननं दिली नाही. जोडीला पब्लिक रेंडर पॅरामीटर (पोर्टलेटनी वाटून वापरायची साधी मूल्यं) आले, आणि माझ्या मते खरा उपयोग त्यांचाच. बहुतेक वेळा शेजाऱ्याला फक्त ग्राहक क्रमांक हवा असतो. त्यासाठी इव्हेंटचा डोलारा कशाला?

पण तोवर अजॅक्स (पान पुन्हा न उघडता ब्राउझरनं सर्व्हरकडून माहिती मागवणं) रुजलं होतं. अजॅक्ससाठी जेएसआर २८६ नं जी रिसोर्स रिक्वेस्ट दिली, तिच्यातून इव्हेंट पाठवायला मुभाच नव्हती. सोय हाती आली आणि काम ब्राउझरमध्ये निघून गेलं! तिथंही भिंत होतीच. गूगलच्या आयगूगलसारख्या पानांवरची बरीच गॅजेट वेगळ्या डोमेनच्या आयफ्रेममध्ये (पानात बसवलेलं दुसरं पान) चालत आणि ब्राउझरचं सेम ओरिजिन धोरण त्यांना एकमेकांच्या आत डोकावू देत नसे. लोक आयफ्रेमच्या पत्त्यातल्या हॅश चिन्हापुढे मजकूर चिकटवून निरोप पाठवत. त्याच जून २००८ मध्ये फायरफॉक्स ३ आला आणि त्यात पोस्टमेसेज, म्हणजे अशा पानांनी एकमेकांना निरोप पाठवण्याची सोय, होतं. घेणाऱ्यानं पाठवणाऱ्याचं ओरिजिन (निरोप कुठल्या पत्त्यावरून आला ते) तपासलं, तर हा मार्ग सुरक्षित.

पोर्टलेटच्या मानकात ब्राउझरमधला संवाद आला तो २०१७ मध्ये, जेएसआर ३६२ च्या पोर्टलेट हबमधून. तेव्हा मायक्रो फ्रंटएंडची (पानाचे तुकडे वेगवेगळ्या टीमनी लिहिण्याची पद्धत) चर्चा सुरू झालेली होती. तिथं कस्टम इव्हेंट (आपणच नाव दिलेला ब्राउझरमधला निरोप) सोडणं दोन ओळींचं काम आहे. पण कोणता इव्हेंट कोण पाठवतं आणि कोण ऐकतं याची जी यादी पोर्टलेटच्या एक्सएमएलमध्ये सक्तीनं लिहावी लागे, ती आता टीमनं स्वतःहून ठेवली तरच असते.