क्रोशाची लेस कापायच्या आधी हे एवढं वाचा प्लीज

लग्नसराई आली की पिशवीत दोऱ्याचा गुंता घेऊन कुणीतरी येतंच आणि म्हणतं, ताई तुमची लेस उसवली. अहो लेस आपोआप नाही उसवली, टेलरने ब्लाउजच्या बाहीला माप लावलं आणि मधेच कात्री चालवली, मग पहिल्या धुण्यात ती सुटणारच ना.

मशीनच्या लेसमध्ये भरपूर दोरे एकमेकांत अडकलेले असतात, कुठेही कापा, फार तर कड थोडी विसकटते. क्रोशात दोरा एकच आणि सुई एकच, प्रत्येक टाका आधीच्या टाक्याच्या फासातून बाहेर काढलेला. आजी रुखवताचा रुमाल विणताना चुकली की सुई काढून दोरा ओढायची आणि दोन ओळींचे खांब, म्हणजे उभे टाके, सरसर सुटायचे, आठवतंय? लेस मधे कापली की तेच होतं, फक्त तेव्हा ती तुमच्या बाहीवर असते.

आमची लेस नरसापूरहून येते. आपल्या त्र्यंबकला उगम पावणारी गोदावरी आंध्रात समुद्राला मिळते तिथलं हे गाव, पश्चिम गोदावरी जिल्ह्यात. 1844 च्या सुमारास मिशनऱ्यांनी त्या भागातल्या बायकांना ही कला शिकवली असं सांगतात. 1899 चा दुष्काळ आणि 1929 ची मंदी दोन्हीतून ती तगली, परदेशात माल जायचा. पुढे चीनची मशीनची स्वस्त लेस आली आणि बऱ्याच घरांत सुया बाजूला पडल्या. आता परत मागणी येतेय, 2024 मध्ये नरसापूरच्या क्रोशे लेसला जीआय टॅगही, म्हणजे त्या गावच्या मालाचं सरकारी भौगोलिक मानांकन, मिळाला. बाजारात मशीनची "क्रोशे लेस" वीस रुपये मीटर मिळते हे मलाही माहितीय, पण खरा क्रोशे मशीनवर होतच नाही, ते दिसायला तसं केलेलं वेगळंच विणकाम असतं. त्यामुळे रेटवरून घासाघीस नको, आमचा दर हाताच्या कामाचा आहे.

तिकडे बायका घरी बसून काम करतात, एकीने फुलं विणायची आणि दुसरीने ती जोडायची. म्हणजे फुलांच्या पट्टीत प्रत्येक फूल स्वतंत्रपणे गाठ मारून पूर्ण झालेलं असतं. म्हणून फुलाला कात्री लावायचीच नाही, दोन फुलांमधला जोड हलक्या हाताने सोडवायचा, पट्टी सुटी होते आणि एकही टाका जात नाही. थोडक्यात ही लेस मीटरवर मोजू नका, फुलं मोजा. बाहीला साडेअकरा फुलं बसत असतील तर बारा लावून चुण्या घाला नाहीतर अकरा लावून शिवणीत जरा ताणा, अर्धं फूल हा प्रकारच नाही.

सलग विणलेल्या कंगोऱ्याच्या लेसला असे जोड नसतात. तिथे कापायच्या खुणेच्या दोन्ही बाजूंना मशीनची बारीक टीप दोनदा मारून घ्या आणि मगच मधे कापा. हे टेलरला फोनवर सांगून उपयोग नाही, मान डोलावतात आणि कापतात, हा कागदच द्या त्यांच्या हातात. आणि हो, लावायच्या आधी लेस तासभर साध्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवा, सुती दोरा आहे, थोडी आटते.

कापलेली लेस आम्ही बदलून देत नाही, काहींना राग येतो, पण तो तुकडा मी पुढे कुणाला विकणार सांगा. त्यापेक्षा घेतानाच ब्लाउज किंवा साडी सोबत आणा, माप घेऊन टोकं बंद करून देतो, त्याचे पैसे लावत नाही. फूल-दोन फुलं जास्तीची घेऊन ठेवलीत तर बरं, नंतर त्याच दोऱ्याचा तोच रंग मिळेलच असं नाही.

आणि कापून बसला असाल तर तो गुंता फेकू नका. सुटलेल्या दोऱ्याचे तुकडे तुकडे झाले नसतील तर आमच्याकडे एक काकू बसतात, त्या तेवढा भाग पुन्हा विणून देतात. त्याचे पैसे मात्र वेगळे, आणि लग्न परवावर आलं असेल तर जमणार नाही, निदान आठ दिवस आधी या.