अंगणवाडीनंतर, लग्नाआधी

गावच्या आरोग्याच्या नोंदीत मुलगी दोनदा दिसायची. सहा वर्षांची होईपर्यंत अंगणवाडीच्या वजनतक्त्यावर, आणि लग्न होऊन दिवस गेले की नर्सबाईंच्या रजिस्टरात. मधल्या वर्षांत शाळेच्या हजेरीपटावर असली तर असली, तब्येतीचं कुणी लिहून ठेवत नसे. विदर्भातल्या खेड्यांत किशोरवयाच्या आरोग्यावर जे संशोधन झालं, ते या मधल्या जागेत सरळ शिरलं नाही. बायकांच्या दुखण्यांचा माग काढता काढता मुलींपर्यंत पोचलं.

गडचिरोली जिल्हा चंद्रपूरपासून 1982 मध्ये वेगळा झाला. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी 1986 मध्ये तिथे 'सर्च' या आरोग्यसंस्थेचं काम सुरू केलं. स्त्रीआरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी, एवढाच सरकारी अर्थ तेव्हा होता. राणीताईंनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली, आणि त्यांत लग्न न झालेल्या मुलीही होत्या. जानेवारी 1989 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले: 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार, दर बाईमागे सरासरी 3.6 आजार, आणि याआधी तपासणी-उपचार झालेल्या फक्त 8 टक्के. 45 टक्के बायकांनी तर काही त्रासच सांगितला नव्हता. 'अंगावरून पांढरं जातं' हे दुखणं आहे असं कुणाला वाटतच नव्हतं. बायकांना असतंच, म्हणून सोडून दिलेलं. ही समजूत आईकडून लेकीकडे येते, त्यामुळे बाईवर उपचार करून काम संपत नव्हतं. पुढे राणीताईंनी मुलामुलींसाठी 'तारुण्यभान' ही वयात येण्याबद्दलची शिबिरं घ्यायला सुरुवात केली, ती मला याच अभ्यासाची पुढची पायरी वाटते.

वर्ध्याकडची वाट वेगळी होती. सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय डॉ. सुशीला नायर यांनी 1969 मध्ये उभं केलं, आणि गावात जाऊन शिकायचं ही तिथली पहिल्यापासूनची शिस्त. महाविद्यालयाच्या सामुदायिक आरोग्य विभागाने आंजी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या 23 गावांत 12 ते 19 वयाच्या, लग्न न झालेल्या मुलींसोबत पाळीवर काम केलं. आधी मुलींनाच विचारलं की तुम्हाला काय कळायला हवंय. मग हाताने चित्रं काढून पुस्तिका केल्या आणि मुलींच्या गटांच्या महिन्याच्या बैठकीत त्या दाखवल्या. तीन वर्षांनी मोजलं तेव्हा पाळी येण्याआधी तिच्याबद्दल माहीत असलेल्या मुली 35 वरून 55 टक्क्यांवर गेल्या होत्या. तयार पॅड वापरणाऱ्या 5 वरून 25 वर, आणि तेच कापड पुन्हा वापरणाऱ्या 85 वरून 57 वर. अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. मला त्यातला उरलेला आकडा जास्त बोलका वाटतो. तीन वर्षं दर महिन्याला बैठका होऊनही शंभरातल्या 45 मुलींना पहिल्यांदा डाग दिसेपर्यंत काही ठाऊक नव्हतं. घरात आई, आजी, काकू असताना.

रक्तक्षयाचा इतिहास इथे जरा गुंतागुंतीचा आहे. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी सगळीकडे सारखीच; पण विदर्भात पांढुरकी पडलेली मुलगी सिकलसेल या आईबापांकडून येणाऱ्या रक्तदोषाचीही असू शकते, आणि लोहाने सिकलसेल जात नाही. नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल 1958 मध्येच लिहून ठेवलं होतं. सोल्युबिलिटी चाचणीत सिकलसेल असल्याचं कळतं, पण मुलगी वाहक आहे (दोष अंगात, पण आजार सहसा नाही) की रुग्ण, हे कळायला इलेक्ट्रोफोरेसिस ही रक्तातलं हिमोग्लोबिन वेगळं करून बघणारी चाचणी लागते. आणि हा निकाल नेमका सोयरीक बघायच्या वयात हातात येतो, मग तो घरात कुणाला सांगायचा हा डॉक्टरी प्रश्न राहत नाही.

मुलगे मात्र फार उशिरा आले. एड्सच्या धास्तीने शाळांत किशोरवय शिक्षण आणलं गेलं, तर 2007 मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांनी ते रोखलं. 2014 च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात मुलगे, मनाचं आरोग्य आणि व्यसन हे सगळं कागदावर तरी आलं. आपल्याकडे व्यसन म्हटलं की आधी खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण. पन्नीत घोटून बांधलेला, शाळेजवळच्या टपरीवरही मिळणारा.

देशपातळीवर 10 ते 19 वयाची मुलं पोषणासाठी पहिल्यांदा मोजली गेली ती 2016-18 च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात. तोवर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मूल पाच वर्षांपर्यंत मोजलं जाई आणि बाई पंधरापासून पुढे. वसा-अमिर्झ्याच्या मुलींची तपासणी त्याच्या जवळजवळ तीस वर्षं आधी झाली होती.