गावचा पत्ता, मुंबईचा पत्ता: कोकणातल्या विद्यार्थ्यांसाठी एसटी आणि रेल्वे सवलतीची माहिती

दहावी-बारावीचे निकाल लागले की कोकणातली मुलं दोन वाटांनी जातात. काही जण चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, अलिबाग अशा जवळच्या गावात प्रवेश घेतात आणि रोज एसटीने ये-जा करतात. काही जण बॅग भरून मुंबई गाठतात, काकाकडे, आत्याकडे किंवा हॉस्टेलवर. प्रवासाची सवलत दोघांनाही आहे. पण ती मागायला गेल्यावर खिडकीवर पहिला प्रश्न एकच येतो: राहता कुठे?

विद्यार्थ्याचा पास 'राहतं घर ते शिक्षणसंस्था' एवढ्याच प्रवासासाठी असतो. त्यामुळे ही दोन टोकं कागदावर पक्की लागतात. तालुक्याच्या कॉलेजात जाणाऱ्याला त्याचा त्रास होत नाही, कारण आधारवरचा पत्ता आणि राहतं घर एकच असतं. अडतं ते मुंबईला गेलेल्यांचं. आधारवर मालवण तालुक्यातली वाडी, राहणं डोंबिवलीला काकांच्या खोलीत आणि कॉलेज दादरला, असे कागद पुढे केल्यावर "रोज मालवणहून येतोस काय?" असं कुणी विचारलं तर त्यात त्याची चूक नाही.

प्रवेश अर्जातले दोन रकाने

यावरचा उपाय प्रवेशाच्या दिवशीच करायचा असतो. प्रवेश अर्जावर कायमचा पत्ता आणि सध्याचा (किंवा पत्रव्यवहाराचा) पत्ता असे दोन रकाने असतात. बहुतेक मुलं दुसऱ्यात 'वरीलप्रमाणे' लिहून मोकळी होतात. तसं करू नका. पहिल्यात गावचा पत्ता आणि दुसऱ्यात मुंबईत जिथे राहणार तो पत्ता, इमारतीच्या नावासकट नीट लिहा. लोकलचा पास या दुसऱ्या पत्त्यावर मिळतो आणि सुट्टीत गावी जाण्याची सवलत पहिल्यावर. सवलतीचा दाखला कॉलेज देतं आणि तो देताना आपल्याच दप्तरातली नोंद बघतं, म्हणून ही नोंद बरोबर असणं महत्त्वाचं.

सध्याच्या पत्त्याचा पुरावा कुणाकडे राहता त्यावर ठरतो. हॉस्टेल असेल तर रेक्टरचं पत्र. भाड्याची खोली असेल तर नोंदणी केलेला भाडेकरार. नातेवाइकांकडे राहत असाल तर त्यांचं लाइट बिल किंवा रेशन कार्ड आणि 'हा विद्यार्थी आमच्याकडे राहतो' असं त्यांच्या सहीचं पत्र. काही कॉलेजं सोबत पालकांचं हमीपत्रही मागतात. कॉलेजागणिक यात फरक असतो, त्यामुळे ऑफिसात आधी विचारा आणि मगच कागद गोळा करा. निव्वळ लोकलच्या पासासाठी आधारवरचा पत्ता बदलण्याची घाई मात्र करू नये, असं माझं मत आहे. गावचा पत्ता पुढे कामाला येतो.

एसटीचा विद्यार्थी पास

गावातून रोज जाणाऱ्यांचं प्रकरण सोपं आहे. मान्यताप्राप्त शाळा-कॉलेजात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला एसटीच्या मासिक पासावर ६६.६७ टक्के सवलत मिळते, म्हणजे खिशातून एक तृतीयांश रक्कम जाते. तांत्रिक आणि व्यावसायिक शिक्षण घेणारेही यात येतात. खासगी क्लासच्या नावावर पास मिळत नाही.

बारावीपर्यंतच्या मुलींना तेवढेही पैसे भरावे लागत नाहीत. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींसाठी अहिल्यादेवी होळकर योजनेत पास पूर्ण मोफत आहे. कागदपत्रं मात्र त्यांनाही द्यावी लागतात, कारण मोफत असला तरी पास काढावाच लागतो.

अर्जाचा नमुना आगारातल्या पास खिडकीवर मिळतो. त्यावर नाव, इयत्ता, कुठून कुठे जायचं तो मार्ग आणि शाळेचा सही-शिक्का हवा. सोबत आधारची प्रत, फोटो आणि शाळेचं ओळखपत्र किंवा बोनाफाइड घेऊन जा. थांब्याचं नाव लिहिताना जरा जपून. आपण बोलताना वाडीचं नाव सांगतो, पण एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यांवर चालतं आणि त्यांच्या यादीत थांब्याचं नाव वेगळं असू शकतं. तिकिटावर जे नाव छापून येतं तेच अर्जावर लिहा.

२०२५ च्या जूनमध्ये एसटीने 'एसटी पास थेट तुमच्या शाळेत' ही मोहीम राबवली. शाळेने विद्यार्थ्यांची यादी आगाराला द्यायची आणि आगाराच्या कर्मचाऱ्यांनी शाळेत येऊन पास द्यायचे, अशी ती पद्धत. म्हणून शाळा उघडल्यावर आधी शाळेच्या ऑफिसात चौकशी करा. जूनच्या पावसात मुलाला पाससाठी वीस किलोमीटरवरच्या आगारात धाडण्यापेक्षा शाळेने एक यादी पाठवणं कधीही बरं, आणि ती पाठवायला लावणं हे पालकांच्या हातात आहे.

बारावीनंतरच्या मुलींना एक हिशेब करावा लागतो. १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. मग कॉलेजच्या मुलीने पास काढावा की रोज अर्धं तिकीट? आगारात पासाची रक्कम विचारा आणि तिला रोजच्या येण्या-जाण्याच्या अर्ध्या तिकिटाने भागा. जो आकडा येईल त्याहून जास्त दिवस कॉलेजला जाणं होत असेल तर पास परवडतो. परीक्षेच्या किंवा दिवाळीच्या महिन्यात बहुधा तिकीटच स्वस्त पडतं.

किनाऱ्यावरच्या मुलांसाठी आणखी एक गोष्ट. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, दिघी-आगरदांडा अशा फेरीबोटींनी खाडी ओलांडून जाणाऱ्यांच्या बाबतीत एसटीचा पास धक्क्यावर संपतो. बोटीचं तिकीट वेगळं काढावं लागतं. पलीकडे पुन्हा एसटीच पकडायची असेल, तर पास कुठल्या टप्प्याचा काढायचा हे पैसे भरण्याआधी ठरवा.

लोकलचा सवलतीचा पास

मुंबईत कॉलेज म्हटलं की लोकल आलीच, आणि कोकणातली बरीच मुलं राहतात ती दिवा, डोंबिवली, नालासोपारा, विरार, पनवेल या बाजूला. लोकलचा मासिक किंवा त्रैमासिक पास विद्यार्थ्याला निम्म्या दरात मिळतो. अनुसूचित जाती आणि जमातीच्या विद्यार्थ्यांना सवलत ७५ टक्के आहे, त्यासाठी जातीचा दाखला जोडावा लागतो. ओबीसी प्रवर्गाला रेल्वेत वेगळी सवलत नाही, त्यांना सर्वसाधारण ५० टक्केच मिळते. शिष्यवृत्तीचे नियम इथे लावू नयेत. दरवर्षी त्यावरून खिडकीवर वाद होतात.

वयाची अटही आहे. सर्वसाधारण विद्यार्थ्याला २५ वर्षांपर्यंत, अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्याला २७ पर्यंत आणि संशोधन करणाऱ्याला ३५ पर्यंत सवलत मिळते.

हा पास तिकीट खिडकीवर नुसतं ओळखपत्र दाखवून मिळत नाही. त्यासाठी कॉलेजकडून सवलतीचा फॉर्म घ्यावा लागतो, ज्याला सगळे 'कन्सेशन' म्हणतात. कॉलेजच्या ऑफिसात ओळखपत्र किंवा फीची पावती, जन्मतारखेचा पुरावा आणि राहत्या पत्त्याचा पुरावा दाखवायचा. आधीचा पास संपत आल्यामुळे पुन्हा काढत असाल तर तो जुना पासही. काही कॉलेजांत अर्ज ऑनलाइन भरून घेतात, पण सही-शिक्क्याचा कागद हातात घ्यावाच लागतो.

फॉर्मवर घराजवळचं स्टेशन आणि कॉलेजजवळचं स्टेशन लिहिलेलं असतं. मध्य रेल्वेवरून पश्चिम रेल्वेवर जायचं असेल तर 'व्हाया दादर' किंवा जिथे गाडी बदलता ते स्टेशन लिहिलं आहे ना, हे ऑफिसातच तपासा. ते राहून गेलं तर पुढे तिकीट तपासनीसासमोर बाजू मांडता येत नाही. विनातिकीट प्रवासाचा किमान दंड २५० रुपये आणि वर भाडं, असा तो व्यवहार आहे. फॉर्मवर खाडाखोड चालत नाही. स्पेलिंग चुकलं तर दुसरा फॉर्म मागा, आणि नाव ओळखपत्रावर जसं आहे तसंच असू द्या. आपल्याकडे आडनावाच्या स्पेलिंगचे तीन-तीन प्रकार एकाच घरात सापडतात, म्हणून हे सांगितलं.

फॉर्मची मुदत अगदी थोड्या दिवसांची असते. शुक्रवारी संध्याकाळी फॉर्म घेऊन शनिवारी-रविवारी गावी जायचं आणि आठवड्याने खिडकीवर उभं राहायचं, असं केलं तर तो वाया जातो. जुना पास संपायला दोन-चार दिवस उरले की कॉलेजात अर्ज द्या, फॉर्म मिळाला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पास काढा. रांगेचा कंटाळा असेल तर त्रैमासिक घ्या. वर्षाच्या सुरुवातीला मात्र राहण्याची जागा पक्की होईपर्यंत मासिकच बरा, कारण काकांकडून हॉस्टेलवर गेलात की स्टेशन बदलतं.

पास हरवला तर दुसरी प्रत मिळत नाही. आणि सवलतीच्या पाससोबत कॉलेजचं ओळखपत्र जवळ हवंच, नुसता पास दाखवून भागत नाही.

रेल्वेच्या सवलतींच्या यादीत आणखी एक तरतूद आहे, जिची कोकणात फारशी चर्चा होत नाही. बारावीपर्यंतचे मुलगे आणि पदवीपर्यंतच्या मुली यांना घर ते शाळा-कॉलेज असा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मोफत आहे. पेण, नागोठणे, रोहा या भागातून पनवेलकडे शिकायला जाणाऱ्या मुलींनी कॉलेजच्या ऑफिसात या मोफत पासाचं नाव घेऊन विचारावं. आपण विचारल्याशिवाय ऑफिस आपणहून सांगेल, याची वाट पाहू नये.

सुट्टीत गावी जाताना

आता पहिल्या रकान्यातला पत्ता कामाला येतो. सुट्टीत मूळ गावी जाण्यासाठी विद्यार्थ्याला रेल्वेत दुसऱ्या वर्गाच्या आणि स्लीपरच्या भाड्यात ५० टक्के सवलत आहे, अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्याला ७५ टक्के. मार्च २०२० मध्ये रेल्वेने ज्येष्ठ नागरिकांसह बऱ्याच सवलती बंद केल्या, पण विद्यार्थ्यांची ठेवली. तरीही 'आता सगळं बंद झालं' असं सांगणारे भेटतात.

याचा फॉर्म लोकलच्या फॉर्मपेक्षा वेगळा असतो. त्यावर मूळ गावाजवळचं स्टेशन लिहिलं जातं: खेड, चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळ, जे असेल ते. हे तिकीट आरक्षण केंद्राच्या खिडकीवरच काढावं लागतं, मोबाइलवरून नाही. सवलत मूळ भाड्यावर असते. आरक्षण शुल्क आणि गाडी सुपरफास्ट असेल तर त्याचं शुल्क पूर्ण भरावं लागतं, म्हणून रक्कम बरोबर निम्मी येत नाही. तेजस आणि वंदे भारतमध्ये दुसरा वर्ग किंवा स्लीपर नाहीच, त्यामुळे तिथे प्रश्नच उरत नाही.

गणपतीसाठी या सवलतीवर भिस्त ठेवू नका. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, आणि गणपतीच्या तारखांचं कोकणकन्या, मांडवी, तुतारीचं आरक्षण बघता बघता संपतं. खिडकीवर फॉर्म घेऊन उभ्या असलेल्या मुलाचा नंबर येईपर्यंत प्रतीक्षा यादी लागलेली असते. दिवाळी आणि मे महिन्यासाठी मात्र फॉर्म वेळेवर घेऊन ठेवला तर उपयोग होतो. आरक्षण उघडण्याच्या तारखेशी फॉर्मची तारीख जुळली पाहिजे, एवढं बघा.

रेल्वे नाही मिळाली तर एसटी आहेच. विद्यार्थ्याला सुट्टीत मूळ गावी येण्या-जाण्यासाठी, परीक्षेला जाण्यासाठी आणि आजारी आई-वडिलांना भेटायला जाण्यासाठी एसटीतही ५० टक्के सवलत आहे. त्यासाठी कॉलेजचा दाखला लागतो. मुलींना अर्धं तिकीट तसंच मिळत असल्यामुळे याचा खरा फायदा मुलग्यांना, आणि तेच तो घेत नाहीत.

मेट्रो आणि बेस्ट

स्टेशनपासून पुढचं अंतर बसने जायचं असेल तर बेस्टच्या पासांची चौकशी 'चलो' ॲपवर किंवा बस आगारात करता येते. मेट्रोच्या '२ अ' आणि '७' या मार्गांवर मे २०२३ पासून बारावीपर्यंतच्या विद्यार्थ्यांना २५ टक्के सवलत आहे. ती 'मुंबई १' कार्डावर ४५ किंवा ६० फेऱ्यांचा पास घेणाऱ्यांनाच मिळते. विद्यार्थ्याचं पॅन कार्ड नसेल तर आई-वडिलांपैकी एकाचं चालतं. त्याची प्रत गावाहून निघतानाच सोबत घ्या, नंतर व्हॉट्सॲपवर मागवलेल्या अंधुक फोटोने काम होत नाही.