ओल्या पायरीवर पाय का सटकतो?

अंगणातली ग्रॅनाइटची चकचकीत पायरी उन्हाळाभर मुकाट असते आणि आषाढात दगा देते. पाणी काही तेलासारखं बुळबुळीत नाही, मग होतं काय? टाच टेकते तेव्हा तिच्याखालच्या पाण्याला निसटायला क्षणभर लागतो. गुळगुळीत दगडावर त्याला वाटच सापडत नाही. तेवढा वेळ आपला पाय दगडावर नसतो, पाण्याच्या पापुद्र्यावर असतो. त्यात शेवाळ असलं की संपलंच. त्यातले सूक्ष्मजीव स्वतःभोवती बुळबुळीत आवरण तयार करतात आणि ते पाणी धरून ठेवतं.

पाण्याला वाट द्यायची तर पृष्ठभाग खरबरीत हवा. पाथरवट दगडाला टाकी लावतो, त्यातही हेच साधतं. बसवलेल्या फरशीवर ते काम रेझिन, म्हणजे सुकून कडक होणारा चिकट द्रव, आणि वाळू करतात. इपॉक्सी हे असंच एक रेझिन. त्याचे दोन भाग एकत्र केले की रेणूंची जाळी विणली जाते आणि उष्णता बाहेर पडते. मिश्रण डब्यातच राहिलं तर ती उष्णता कोंडते आणि डब्यातच दगड होतो! म्हणून थोडं थोडंच कालवावं. थर ओला असतानाच त्यावर कोरडी क्वार्ट्‌झची वाळू पेरतात. कडकपणाच्या मोह्‌स मापावर क्वार्ट्‌झ ७ वर, तर तिच्याऐवजी पेरतात ते ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण ९ वर. झिजायला दोन्ही चिवट. थर सुकला की सुटे कण झाडून वरून पातळ हात मारायचा. इथे हात सढळ झाला की कण बुडतात आणि पायरी पुन्हा गुळगुळीत.

दुकानदार जाड कण गळ्यात मारेल. पण आपल्याकडे अंगणात अनवाणीच वावर, तेव्हा बारीक कण बरे. उतरताना पाय पायरीच्या कडेवर पडतो, त्यामुळे पैसे कमी असतील तर निदान कडेला तरी पट्टा मारावा, वेगळ्या रंगाचा.

उन्हात इपॉक्सी पिवळं पडतं, त्यावर खडूसारखी पूड धरते. बाहेरच्या कामाला वरचा हात ऊन सोसणाऱ्या पॉलियुरेथेन या दुसऱ्या रेझिनचा हवा. कोकणातल्या जांभ्याच्या पायऱ्यांवर मात्र जपून. जांभा सच्छिद्र, खालून येणारी ओल रेझिनचा पापुद्रा उचलून काढते. तसाही तो मुळातच खडबडीत. त्याचा खरा शत्रू शेवाळ.

पकड मोजायला ब्रिटनमध्ये लंबक वापरतात. त्याच्या टोकाचा रबर ओल्या फरशीला घासत जातो. आकडा ३६ किंवा त्याहून वर आला तर घसरण्याचा धोका कमी मानतात. पण कणांच्या फटींत शेवाळ धरलं की हा आकडाही घसरणार, म्हणून पावसाळाभर खराटा लागतोच.