दारूबंदीपासून व्यसनमुक्तीपर्यंत : सोलापूरची पार्श्वभूमी

सोलापूरच्या चार हुतात्म्यांची कथा इथल्या शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. तिची सुरुवात शिंदीच्या झाडांपासून होते, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. ८ मे १९३० रोजी रूपाभवानी परिसरातील शिंदीची झाडे तोडून सत्याग्रह करायला लोक जमले, पोलिसांनी गोळीबार केला, त्यात शंकर शिवदारे हा तरुण ठार झाला आणि शहर पेटले. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला, आणि मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा व कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली.

झाडांवरच कुऱ्हाड का, याचे उत्तर १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यात आहे. त्या कायद्याने दारू गाळणे आणि ताडी-शिंदी काढणे सरकारी परवान्याखाली आणले, त्यामुळे रस देणारे प्रत्येक झाड ही सरकारच्या उत्पन्नाची बाब झाली. पुण्यात महात्मा फुले यांनी नगरपालिकेचे सदस्य असताना १८८० मध्येच दारूच्या वाढत्या दुकानांना हरकत घेतली होती. सोलापूरकरांनी पन्नास वर्षांनी त्याच उत्पन्नावर घाव घातला. या साऱ्या इतिहासात कर घेणारा दिसतो, कर बुडवणारा दिसतो आणि बंदीसाठी लढणाराही दिसतो. पिणाऱ्याच्या शरीरात काय घडते आणि त्याची दारू सुटायची कशी, हा प्रश्न मात्र कोणाच्याच कामाच्या यादीत नव्हता.

पिणारे तर वाढतच होते. १८७७ मध्ये ‘जुनी गिरणी’ सुरू झाली, पाठोपाठ आणखी गिरण्या आल्या, हातमागावर काम करणारी तेलुगू भाषक पद्मशाली कुटुंबे आधीपासून होतीच, आणि भोंगा झाल्यावर थकलेले अंग घेऊन बाहेर पडणाऱ्या माणसासाठी शिंदीचा किंवा ताडीचा गाडगाभर रस हे स्वस्त औषध होते. पुढे गिरण्या एकेक करून बंद पडल्या; पिणे बंद पडले नाही.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ चा दारूबंदी कायदा केला. बंदीमुळे परवान्याची दुकाने गेली आणि धंदा माळरानावरच्या हातभट्ट्यांकडे, तांड्यांवर गेला. काळा गूळ व नवसागर यांचे रसायन आंबवायचे, ते गाळायचे आणि रबरी ट्यूबमध्ये भरून शहरात पोचवायचे, ही पद्धत इतकी रुळली की साठच्या दशकात बंदी सैल झाली आणि पुढे देशी दारू अधिकृतपणे मिळू लागली, तरी हातभट्टी टिकून राहिली. १९४९ चा कायदा आजही लागू आहे आणि त्यानुसार दारू पिण्यासाठी परवाना लागतो. देशीच्या दुकानासमोर उभ्या असलेल्या माणसाकडे तो परवाना कोणी मागितल्याचे मी अजून पाहिलेले नाही.

पिणाऱ्याचा विचार ज्यांनी केला, ते सरकारी नव्हते. पंढरपूर याच जिल्ह्यात आहे आणि ‘माळ घातली’ या दोन शब्दांत इकडे दारू, मटण आणि शिवीगाळ एकदमच सुटल्याची बातमी असते. गाडगेबाबांनी कीर्तनातून दारूवर कोरडे ओढले ते याच भाषेत. माळेमागे दिंडी असते, एकादशी असते, आणि वागणे बिघडले तर लगेच ध्यानात घेणारी चार माळकरी माणसे असतात. उपचारशास्त्राला ज्या गटाधाराचे महत्त्व नंतर कळले, तो इथे आयता होता. १९३५ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन येथे दोन मद्यपींनी एकमेकांना सावरत सुरू केलेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा गाभा याहून फार निराळा नाही.

माळेला एक गोष्ट मात्र ठाऊक नसते. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एका दिवसात दारू टाकली, तर दारूने दाबून ठेवलेली मज्जासंस्था एकदम उसळते. सहा ते चोवीस तासांत हात कापू लागतात, घाम फुटतो आणि झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. आणि दोन ते चार दिवसांच्या सुमारास काही रुग्णांना भ्रम होऊ लागतात. अंथरुणावरून न दिसणारे किडे झटकणारा, भिंतीशी बोलणारा, घरच्यांनाच न ओळखणारा माणूस पाहून ‘बाहेरचं काहीतरी झालंय’ म्हणून त्याला देवर्षाकडे नेले जाते, आणि त्यात जे तास जातात ते जिवावर बेतू शकतात. ‘डेलिरियम ट्रेमेन्स’ हे या अवस्थेचे नाव १८१३ मध्ये थॉमस सटन या इंग्रज डॉक्टरने रूढ केले. त्याआधी १८०४ मध्ये नौदलातील वैद्य थॉमस ट्रॉटर यांनी अतिमद्यपान हा मनाचा आजार असल्याचे लिहिले होते. वॉर्डातील उपचारांना खरा आधार मिळाला तो १९६० मध्ये क्लोरडायझेपॉक्साइड आल्यावर. या जातीच्या औषधाने उसळलेली मज्जासंस्था शांत करायची, पाच-सात दिवसांत डोस उतरवत न्यायचा, आणि ग्लुकोजची सलाईन लावण्याआधी थायामिन म्हणजे जीवनसत्त्व ब-१ द्यायचे, नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. डिटॉक्स म्हणतात ते एवढेच. शरीरातून दारू निघते. तलफ आणि सवय राहतात.

महाराष्ट्रात हा फरक लोकांपर्यंत पोचला तो ब्राउन शुगरमुळे, म्हणजे गर्दमुळे. ऐंशीच्या दशकात हे हेरॉइन मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गीय घरांत शिरले, १९८५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायदा झाला आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात डॉ. अनिल व डॉ. अनिता अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. दारूपेक्षा गर्दचा गाजावाजा अधिक झाला, हे खरे; पण दारूसाठीची खाट त्यातूनच मिळाली, असे म्हणायला हरकत नाही. तिथे रुग्ण पस्तीस दिवस राहतो, कारण पहिल्या आठवड्यानंतरचे काम गोळ्यांचे नसते. पत्नींसाठीच्या ‘सहचरी’ बैठकाही त्या कामाचाच भाग झाल्या. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात थांबणाऱ्या बाईला जे कधी कोणी विचारले नव्हते, ते तिथे विचारले गेले. गर्द सोडणाऱ्यांबाबत डॉक्टर आणखी एक सूचना आवर्जून देतात : काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, म्हणून पुन्हा घसरलेला माणूस जुन्याच मापाने घेतो आणि त्यात दगावू शकतो.

दरम्यान सोलापूरचा माल बदलत गेला. ताडीत क्लोरल हायड्रेटसारखे गुंगीचे रसायन मिसळण्याचे प्रकार इथेही पकडले गेले. शेजारच्या तेलंगणात २०१५ मध्ये भेसळीच्या ताडीवर कारवाई झाली, तेव्हा ती न मिळाल्याने फिट आणि भ्रम होऊन माणसे रुग्णालयात आली, कारण ज्याला ते ताडी समजत होते त्यात झोपेच्या गोळ्यांची पूड असे. त्याच वर्षी मेफेड्रोन, म्हणजे एमडी, अमली पदार्थांच्या यादीत गेले, आणि २०२३ मध्ये चिंचोली एमआयडीसीत त्याचा कारखानाच मुंबई पोलिसांनी उघडकीस आणला. एमडी सोडवताना दारूसारखे डोस उतरवत नेण्याचे औषध नसते. आधी झोप, मग खोल उदासी, आणि त्या उदासीत रुग्णावर लक्ष ठेवणे, एवढाच मार्ग उरतो.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था आजारांत धरल्या. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे २.९ कोटी लोक दारूवर अवलंबून आहेत. सोलापूर ग्रामीण पोलिसांनी तेजस्वी सातपुते अधीक्षक असताना २०२१ मध्ये ‘ऑपरेशन परिवर्तन’ हाती घेतले आणि मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी भट्टी लावणाऱ्या कुटुंबांना दुसरे काम मिळवून देण्याचा प्रयत्न केला. गाळणाऱ्याकडे गुन्हेगाराखेरीज दुसऱ्या नजरेने पाहण्याचा हा प्रयोग होता. त्या भट्टीवर रोज येणाऱ्या माणसाचे हात दुसऱ्या दिवशी सकाळी कापू लागतात, आणि त्याच्यासाठी सिव्हिलचा केसपेपर काढायला घरातले कोणीतरी रांगेत उभे राहते.