वेलीमुळे भिंत फुटते का?

गोव्यातल्या फोंड्यात घराच्या भिंतीवर वेल सोडायची म्हटली की कोणीतरी हमखास सांगतो: मुळं भिंतीत शिरतात, ओल धरते, भिंत फुटते. हे सरसकट खरं नाही.

भिंत फोडतो तो पिंपळ किंवा वड. पक्ष्याच्या विष्ठेतून बी चिऱ्यांच्या सांध्यात पडतं, तिथेच रुजतं, आणि मूळ जाड होत गेलं की चिरा सरकतो. मधुमालती किंवा गोकर्णाचं तसं नाही. त्यांची मुळं खाली मातीत असतात, भिंतीकडून त्यांना फक्त आधार हवा. मनीप्लांटची हवाई मुळं मात्र भिंतीला चिकटतात. गिलावा आधीच भुसभुशीत असेल तर ओढून काढताना पापुद्रेही निघतात. त्या भीतीत तेवढं तथ्य आहे.

ओलीचं म्हणाल तर गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. तिरप्या सरींचा मारा दाट पानं बराचसा झेलतात. पण वेल भिंतीला घट्ट चिकटून राहिली तर मागे वारा खेळत नाही आणि भिंत वाळायला वेळ लागतो. म्हणून भिंतीपासून वीतभर पुढे तारेची जाळी ठोकायची.

वेलीमुळे घराला मिळणारा थंडावा मुख्यतः सावलीचा. पानांतून होणाऱ्या बाष्पीभवनाची भर दमट हवेत कमीच. त्यामुळे वेल पश्चिमेच्या भिंतीवर चढवा, दुपारचं ऊन तिथेच तापतं. पावसाळ्याआधी छाटणी करा. शेंडे कौलांखाली शिरले तर कौलं उचलली जातात आणि घर गळतं.