गॅलॅक्सी क्वेस्टचे स्मरणरंजन

गॅलॅक्सी क्वेस्टचे स्मरणरंजन : ‘गॅलॅक्सी क्वेस्ट’ हा विनोदी विज्ञानपट २५ डिसेंबर १९९९ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्याच्या चाहत्यांनी गेली पंचवीसेक वर्षे जपलेल्या आठवणी, संवाद आणि खोड्या यांची ही नोंद. दिग्दर्शक डीन पॅरिसॉट. पटकथा डेव्हिड हॉवर्ड व रॉबर्ट गॉर्डन यांची. सुमारे ४.५ कोटी डॉलर खर्चून केलेल्या चित्रपटाने जगभरात सुमारे ९ कोटी डॉलर मिळवले. म्हणजे तो पडला नाही, पण डोक्यावरही घेतला गेला नाही. त्याला कल्ट चित्रपटाचे (मोजक्या पण निष्ठावंत चाहत्यांनी जपलेल्या चित्रपटाचे) स्थान मिळाले ते पुढे, घरी बसून पुन्हापुन्हा पाहणाऱ्यांमुळे.

चित्रपटाचा विषयच मुळी स्मरणरंजन हा आहे. १९८२ साली बंद पडलेल्या एका काल्पनिक अंतराळ-मालिकेतले नट आता चाहत्यांच्या संमेलनांत सह्या देऊन आणि दुकानांची उद्घाटने करून पोट भरत असतात. थर्मियन नावाच्या परग्रहवासीयांना ‘कल्पित गोष्ट’ म्हणजे काय हेच ठाऊक नसते. मालिकेचे भाग त्यांना ऐतिहासिक दस्तऐवज वाटतात. ते पडद्यावरचे यान हुबेहूब बांधतात आणि या थकल्या नटांना खऱ्या लढाईवर घेऊन जातात. ‘ऐतिहासिक दस्तऐवज’ हा शब्दप्रयोग चाहते आजही कुठल्याही जुन्या मालिकेला लावतात.

टोमणा अर्थातच ‘स्टार ट्रेक’ या खऱ्याखुऱ्या अमेरिकी अंतराळ-मालिकेला होता. ती मालिका १९६६ ते १९६९ चालली. १९६८ मध्ये प्रेक्षकांनी पत्रांचा पाऊस पाडून तिचा तिसरा हंगाम पदरात पाडून घेतला, आणि १९७२ मध्ये न्यूयॉर्कला तिच्या चाहत्यांचे मोठे संमेलन भरले. अशा चाहत्यांची टर उडवणे ही तोवर विनोदाची हमखास जागा होती. ‘गॅलॅक्सी क्वेस्ट’ही सुरुवातीला तेच करतो, पण मग बाजू बदलतो. यानातला प्रत्येक बोळ तोंडपाठ असलेला शाळकरी पोरगा (जस्टिन लाँग) आणि त्याचे मित्र ऐन वेळी घरबसल्या वाट दाखवतात आणि नटांचा जीव वाचतो. ज्या ज्ञानाबद्दल आयुष्यभर टोमणे खाल्ले, तेच कामी आले, हे पाहून चाहत्यांनी चित्रपट आपला मानला नसता तरच नवल.

पावतीही चाहत्यांकडूनच मिळाली. जागतिक विज्ञानकथा संमेलनाच्या सदस्यांच्या मतांवर ठरणारा ह्यूगो पुरस्कार २००० साली त्याला मिळाला. स्पर्धेत ‘द मेट्रिक्स’ होता. २०१३ मध्ये लास वेगासच्या ‘स्टार ट्रेक’ संमेलनात जमलेल्यांनी त्या मालिकेच्या चित्रपटांची क्रमवारी लावली, तेव्हा सातव्या जागी हा परका चित्रपट बसवला.

आठवणींचा सूर बदलला तो १४ जानेवारी २०१६ रोजी, ॲलन रिकमन यांच्या निधनानंतर. त्यांनी रंगवलेला नट रंगभूमीवर शेक्सपिअर केलेला; परग्रहवासी योद्ध्याच्या भूमिकेतली ‘ग्रॅबथारच्या हातोड्याची शपथ’ त्याला घशात अडकलेल्या काट्यासारखी सलते. पण त्याला दैवत मानणारा थर्मियन तरुण त्याच्यापुढे प्राण सोडतो, तेव्हा तो तीच शपथ पहिल्यांदा मनापासून उच्चारतो. थट्टेचे वाक्य असे एका प्रसंगात जड करून ठेवणे सोपे नाही. चाहत्यांनी श्रद्धांजली वाहिली तीही याच वाक्याने. २०१५ पासून चर्चेत असलेली, या चित्रपटावर आधारित नवी मालिका मात्र रखडली. २०१९ मध्ये चित्रपटाच्या निर्मितीवर माहितीपट निघाला.

बाकी मग बारीकसारीक शोध. टिम ॲलनचा कप्तान यानाच्या दारातून पहिल्यांदा अंतराळ पाहतो, तेव्हा चित्रपटगृहात पडद्यावरच्या चित्राची चौकटच रुंदावत असे. घरच्या अनेक आवृत्त्यांत ती मौज उरली नाही, याची खंत जुने प्रेक्षक अजून करतात. आणि यानाच्या पोटात एकमेकांवर आदळणारी राक्षसी यंत्रे पाहून अभिनेत्री सिगर्नी वीव्हर जे बोलते, ते सेन्सॉरच्या सौम्य प्रमाणपत्रासाठी नंतर बदलून डब केले आहे. ऐकू येते एक आणि ओठ म्हणतात भलतेच; नव्या प्रेक्षकाला तिथे थांबवून, मागे नेऊन पुन्हा दाखवायचे, हा रिवाज आहे.